बारा वावांची रात्र

साठ वर्षं होत आली, मी कोणाकडून झोप मागून घेतलेली नाही. गोळी नाही, ताडी नाही, अंगारा नाही. दिवेलागणीला जेवतो, अंगणात चार फेऱ्या मारतो, डोळे जड झाले की आडवा होतो आणि कोंबड्याला उठतो. घरातले म्हणतात, म्हाताऱ्याला देवाची देणगी आहे. देणगी कसली? माळ फोडून खाचर करावं तशी ही झोप मी एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा खपून केली आहे. ती कशी केली ते लिहून ठेवतो. मी दोन बुकं शिकलेला. नातीनं शुद्धलेखन तपासलं. तिनं मधे मधे घातलेले गोड शब्द मी काढून टाकले.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, आटगाव टेसनापासून पायी तासाभरावर. दुसरी लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी वीस-बावीस वर्षांचा असेन. त्याआधी दोन पावसाळे मी रेल्वेच्या रुळावर रातची गस्त घातली होती. पावसात दरड सुटते, रुळाखालची माती वाहते, म्हणून चार महिने रात्रभर माणसं रुळावर चालत ठेवायचे. डोक्यावर इरलं, हातात लाल-हिरव्या काचेची बत्ती. आपल्या हद्दीच्या टोकाला गेलं की पलीकडचा गस्तवाला भेटायचा. त्याचा पत्र्याचा बिल्ला मी घ्यायचा, माझा त्यानं घ्यायचा आणि मागं फिरायचं. बिल्ला न घेता कोणी परत आला, तर तो कुठंतरी झोपला असं धरत. मी एकदाही बिल्ल्याशिवाय आलो नाही. रात्री चालायचो, दिवसा झोपायचो.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी बाप गेला. घरात उरली आय आणि काका, दोन बैल आणि आठ खाचरं. मी बिल्ला जमा केला आणि घरी आलो.

घरी आलो, पण रात्रीला ते कळलं नाही. अंथरुणावर पडलो की डोळे टक्क उघडे. लांबून मालगाडी गेली की मी मनात म्हणायचो, आता वळायची वेळ झाली, आणि खरंच पाय हलायचे. काका शेजारी घोरायचा. मी कूस बदलायचो, परत बदलायचो, आढ्याकडं बघायचो. पहाटे पहाटे एवढासा डोळा लागायचा. मग दिवसा नांगरामागं, बांधावर, जेवताना घास हातात असताना मी झोपायचो. आज बरं वाटेल, उद्या बरं वाटेल असं करत सात महिने गेले.

वैशाखात माझं लग्न जमलं. मुलगी टोकावड्याची. तिचा बाप बैलांचा मोठा जाणकार. म्हशाच्या जत्रेत बैल घेण्याआधी लोक त्याला दात बघायला बोलवत आणि तो नाय म्हणाला की सौदा मोडत. आमी काकाबरोबर पाच-सहा जण सुपारी फोडायला गेलो. आदल्या रात्री निघालो, सकाळी पोचलो. त्यांच्या पडवीत बैठक बसली. मोठी माणसं देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलत होती. मी खांबाला टेकून बसलो होतो. सावली होती, पोटात गूळपाणी होतं.

पुढचं मला ठाऊक नाही. जागा झालो तो सगळी पडवी माझ्याकडं बघत होती.

"काय हो," मुलीचा बाप काकाला म्हणाला, "आमी सुपारी फोडतोय, आणि नवरदेव दळण दळतोय?"

लोक हसले. आतल्या दारात बांगड्या वाजल्या. मी बघितलं तर मुलगी उभी, आणि ती तोंडावर पदर न घेता खदखदा हसत होती. मला राग यायला हवा होता. पण माझ्या मनानं तिथंच घेतलं, की करीन तर हीच.

काका सावरून घ्यायला लागला, "दमलाय पोरगा. रातभर चालून आलो ना आमी."

"चालून तर तुमी सगळेच आलात," मुलीचा बाप म्हणाला.

मला खोटं ऐकवेना. मी म्हणालो, "दमलो नाय मामा. मला रातची झोप येत नाय. सात महिने झाले."

काकानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठ दिवस निळं होतं. मुलीच्या बापानं अडकित्ता खाली ठेवला. मला त्यानं वरून खालपर्यंत बघितलं, बैलाला बघतात तसं.

"खोड लपवली असती तर आत्ताच उठवला असता," तो म्हणाला. "सांगितलीस म्हणून सुपारी राहू दे. पण लग्नाची तारीख आज धरत नाय. म्हशाच्या जत्रेपर्यंत बघीन. तवर तू माणसासारखा रातचा झोपायला लागलास, तर पोर तुझी. नायतर सुपारी फिरवली असं समज. माझ्या पोरीनं रातभर भुतासारख्या बसलेल्या माणसाशेजारी निजायचं नाय."

म्हशाची जत्रा पौषात. माझ्या हातात आठ महिने होते.

परतीच्या वाटेवर काका एकच वाक्य बोलत होता, "तोंड बंद ठेवायला काय घेतलं असतंस रे?"

घरी आल्यावर उपाय सुरू झाले. पहिला काकाचा. मोहाची दारू. दोन पेले पोटात गेले आणि मी मेल्यासारखा पडलो. काका खूश. पण मध्यरात्री डोळे उघडले ते डोक्यात घण घालत. त्यानंतर सकाळपर्यंत अंगणात बसून ओकत होतो. चार दिवसांनी काकानं परत पेला आणला तेव्हा मी तो गोठ्यात ओतला. काका महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. मोहाची दारू फुकट घालवणं आमच्याकडं लहान गुन्हा नाही.

दुसरा उपाय आयचा. तिनं भगताला आणलं. त्यानं तांदूळ मांडले, सुपात बघितलं, डोळे फिरवले आणि सांगितलं, रुळावर चालताना कुणा कटलेल्या माणसाची सावली ओलांडली आहेस, ती तुझ्यासंगं जागते. काळा कोंबडा दे.

आमच्याकडं काळा कोंबडा होता. आयनं त्याच्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कोंबडा नाय मिळायचा."

"का रे? तुझ्या जिवापरीस कोंबडा जास्ती झाला?" भगत म्हणाला.

"त्या सावलीनं तर मला सात महिने जागवलंय. सकाळी उठवायला घरात कोणीतरी नको का?"

भगतानं सूप उचललं. जाताना म्हणाला, "हा आता जन्मभर झोपत नाय." गावात दोन दिवसांत सगळ्यांना ते ठाऊक झालं. मला पण तेव्हाच हट्ट पेटला. आता झोपायचं. मुलीसाठी तर झोपायचंच, पण या भगताच्या नाकावर टिच्चून झोपायचं.

पण कसं, ते मला ठाऊक नव्हतं. ते मला आमच्या खोंडानं शिकवलं.

ज्येष्ठात काकानं एक खोंड आणलं होतं. नवीन गोठ्यात ते रात्रभर हंबरायचं, दावं ओढायचं, बसायचं नाही. दिवसा मात्र सावलीत बसून डुलक्या काढायचं. काकानं दोन दिवस बघितलं आणि मला म्हणाला, "त्याला दिवसा बसू देऊ नको. नांगराला जुंप. नांगर नसला तर नुसतं फिरव. आणि रातचं त्याच्यापाशी जाऊ नको, गवत टाकू नको, चुचकारू नको. चुचकारलंस की त्याला वाटतं, जागण्यात काहीतरी मिळतं." पाचव्या रात्री खोंड बसलं. आठव्या रात्री मान टाकून झोपलं.

मी गोठ्यात उभा राहून त्याच्याकडं बघत होतो आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात मला सात महिने चुचकारत होते.

कोण? माझी आय. दुपारी माझा डोळा लागला की ती घरात चोरासारखी चालायची. खिडकीला पोतं लावून तिनं माझ्यासाठी आतली खोली काळोखी केली होती. भात कांडायचं असलं तर उखळाचा आवाज नको म्हणून डोक्यावर पाटी घेऊन शेजारणीकडं जाऊन कांडायची. कोंबड्या हाकलतानाही तोंडानं शुक् करायची नाही, पदर हलवायची. आणि रात्री मी जागा असणार, पोराला भूक लागणार, म्हणून शिंक्यात भाकरी आणि भाजलेली सुकट ठेवायची. मी मध्यरात्री उठून खायचो. आख्ख्या गावात तिच्या मायेचं नाव होतं, आणि त्याच मायेनं माझ्या दिवसाची रात्र केली होती. ती चूक परक्या बाईनं केली नसती.

मी तिला तसं सांगितलं. सांगायची रीत मला तेव्हा नव्हती, आताही नाही.

"आय, तूच मला जागं ठेवतेस."

ती भाकरी थापत होती. हात थांबले. "मी? मी माझ्या पायांचा आवाज करत नाय रे घरात. मी जागं ठेवते तुला?"

"तेच तर. आजपासून उखळ आपल्या घरात चालायचं. पोतं काढून टाक. मी दिवसा डोळा मिटला तर मला हाक मारायची. नाय उठलो तर पाणी ओतायचं. रातची भाकरी बंद. आणि कोंबडा आरवला की उठवायचं, मग मी रातभर जागा असलो तरी."

"रातभर जागलेल्या पोराला पहाटे उठवू? मी आय हाय का कोण हाय?"

ती रडली. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही. रात्री तिनं ताट वाढलं. शिंकं रिकामं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, कोंबड्याची बांग पुरी व्हायच्या आत, तिनं माझ्या तोंडावर रांजणातलं तांब्याभर गार पाणी ओतलं. "ऊठ," म्हणाली. "तुला असंच पायजे ना? ऊठ." मी हट्टी कोणावर गेलो हे मला त्या दिवशी कळलं.

मी स्वतःला खोंडासारखं जुंपलं. टेसनावर असताना मला चहाची सवय लागली होती. संध्याकाळी शहापूरच्या बाजारात गेलो की दोन-दोन कप प्यायचो. तो दुपारनंतर बंद केला. आठ दिवस डोकं दुखलं. दुखू दे म्हटलं. दिवसा भिंतीला पाठ लावायची नाही असं ठरवलं. जेवायचं ते उकिडवं बसून.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट ठरवली ती अंथरुणाची. झोप आली तरच आडवं व्हायचं. आडवं होऊन झोप आली नाही, तर पडून राहायचं नाही. अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडणं म्हणजे गोठ्यात उभं राहून दावं ओढणं. उठायचं, ओट्यावर जायचं आणि दोर वळायचा.

दोर का, तर तो वळायला उजेड लागत नाही. आमच्याकडं गेल्या सालचा अंबाडीचा वाख माळ्यावर पडून होता. वाख म्हणजे अंबाडीची काठी पाण्यात कुजवून काढलेले धागे. ते मांडीवर घेऊन तळव्यानं पीळ देत जायचं. बैलाची दावी, कासरे सगळं त्याचंच. काम कंटाळवाणं. तेच हवं होतं. पेंग आली की दोर तिथंच तोडायचा, गाठ मारायची आणि आत जाऊन झोपायचं. त्या रात्रीचा दोर वेगळा, दुसऱ्या रात्रीचा वेगळा. पडवीतल्या खुंट्यांवर मी ते ओळीनं टांगत गेलो.

दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. पहिल्या रात्री मी बारा वाव दोर वळला. कोंबडा आरवला तेव्हा हातात वाखच होता. दुसऱ्या रात्री बारा. तिसऱ्या रात्री तेरा. मांडीवरचे केस गेले, कातडी सोलली. काका सकाळी खुंट्या बघायचा आणि म्हणायचा, "बरं आहे. भगताला कोंबडा मिळाला नाय, पण गावाला दोरवाला मिळाला."

मग आवणी आली. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची, वरून पाऊस, आणि आदल्या रात्रीची झोप तासाभराची. एका दुपारी रोपांची मूठ हातात धरून मी उभ्या उभ्या पुढं पडलो. तोंड चिखलात. शेजारच्या ओळीतल्या बायकांनी मला उचललं नाही. आधी पोटभर हसल्या.

"अगो बघ गो! नवरदेवानं रोपाबरोबर स्वतःला पण लावलं!"

"राहू दे तसंच. पाणी भरपूर हाय. दिवाळीला लोंबी येईल."

मी उठलो, तोंड धुतलं आणि पुढची मूठ घेतली. आय बांधावरून बघत होती. मी घरी येऊन टेकणार, एवढ्यात तिनं उखळात भात घातलं आणि असं कांडलं, असं कांडलं, की मेलेला उठला असता.

त्या रात्रीचा दोर सात वाव. मला आठवतं, कारण मी तो तीनदा मोजला.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. सातवरून चार झाला, चारवरून परत दहा. श्रावणात सलग पाच रात्री नऊच्या खाली येईना. वाख संपला तेव्हा बांधावरचं घायपात कापून सडवलं आणि त्याचा वाख काढला. गौरीच्या दिवसांत सगळं गाव रात्रभर नाचायचं. मी दिवा लागल्यावर अर्ध्या नाचातून उठलो तर मागून ओरडले, "जा जा! सासऱ्यानं झोपायला सांगितलंय!" मी म्हणालो, "हो, सांगितलंय. तुमाला कोणी पोर देणार नाय म्हणून नाचा." आणि गेलो. ढोल ऐकत ओट्यावर पाच वाव वळले, पण कोंबड्याला उठलो. एवढं एक मी सोडलं नाही. रात्र कशीही जावो, उठायची वेळ तीच. झोप आपल्या हातात नसते. उठणं असतं. जे हातात होतं ते मी घट्ट धरलं.

भातकापणीपर्यंत दोर दोन वावांवर आला. काही रात्री मी ओट्यावर गेलोच नाही. सकाळी आय खुंटीकडं बघायची, नवीन दोर दिसला नाही की चुलीपाशी गुणगुणायची.

मार्गशीर्षात, खळ्यावर भाताची झोडणी चालू असताना, एका संध्याकाळी मुलीचा बाप न सांगता आला. जत्रेला महिना होता. "म्हशाला बघायचं म्हटलं होतं," तो म्हणाला, "पण जत्रेत बैल पण चांगला दिसतो. घरच्या गोठ्यात बघावा. आजची रात मी इथं राहतो."

काकानं कोंबडी कापायला काढली. काळा कोंबडा मी मागं सारला. आयनं मला चुलीमागं ओढलं आणि कानात बोलली, "ऐक. झोप आली तर आली. नाय आली तर डोळे मिटून पडून रहा. आणि जरा घोर."

"घोरू? सुपारीच्या दिवशी घोरलो म्हणून तर हे सगळं झालं."

"तेव्हा घोरायचं नव्हतं, आता घोरायचंय. एवढं पण कळत नाय का? एक रात घोर. जन्माची बायको मिळंल."

जेवणं झाली. पाहुण्याचं अंथरूण माझ्याशेजारी पडवीत घातलं. तो आडवा झाला, माझ्याकडं तोंड करून. काळोख होता, पण तो बघतोय हे मला कळत होतं. महिनाभर चांगली येणारी झोप त्या रात्री उंबऱ्याच्या आत आली नाही. कोणी टक लावून बघत असलं की गायसुद्धा दूध चोरते. मी कूस बदलली. तो खाकरला. मी श्वास लांब केला. मग मला आयचं बोलणं आठवलं. घोरणं सोपं होतं. नाकातून दोन आवाज काढले असते की मुलगी माझी होती. मी तोंड उघडलं सुद्धा.

आणि मला माझीच किळस आली. सहा महिने मी मांडी सोलून घेतली ती काय सोंग करायला? उद्या ती मुलगी या घरात आली की तिच्यापुढं पण घोरू?

मी उठून बसलो. "मामा," मी म्हणालो, "आज मला झोप आली नाय."

"दिसतंय," काळोखातून आवाज आला.

"तुमी बघताय म्हणून. एरवी येते. पडून सोंग करणार नाय. मी ओट्यावर जातो."

मी ओट्यावर बसून वाख घेतला. थोड्या वेळानं तो पण घोंगडी पांघरून आला आणि खांबाला टेकून बसला.

"आणि उद्या नाय आली तर?"

"परवा येईल."

"आणि माझ्या पोरीनं रातचं उठून बघितलं, नवरा जाग्यावर नाय, तर?"

"तर ओट्यावर बघावं. दुसरीकडं मी जात नाय. इथं दोर वळत असंन."

तो उठला आणि त्यानं पडवीतल्या खुंट्यांवरचे दोर एकेक करून हातानं चाचपले. तो बैलवाला माणूस, दोर हातात आला की त्याचे हात आपोआप वाव मोजायला लागायचे. पहिला उलगडला, मोजला. मग मधला. मग शेवटचे आखूड. एक दोर पायाखाली धरून त्यानं जोरानं ओढून बघितला. तुटला नाही. परत येऊन खांबाला टेकला. "वाख दे जरा," म्हणाला. मी दिला. त्यानं दोन हात वळला असेल नसेल, मान छातीवर पडली, आणि तो घोरायला लागला. घोरला म्हणजे काय, गोठ्यातले बैल उठले.

आतून आयची चाहूल लागली. तिला काय, तिला आवाज ऐकू आला आणि ती धन्य झाली. दार उघडून, पदर सावरून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बघा व्याही! ऐकताय ना? कसा घोरतोय माझा पोरगा!"

व्याही दचकून जागे झाले. मी हातात दोर घेऊन बसलेलो. आयनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि दार लावून घेतलं.

कोंबडा आरवला तेव्हा मी क्षणभरही झोपलो नव्हतो. आयनं नेमानं तांब्या भरून आणला. मी जागाच दिसलो, तर तिनं तो पाय धुवायला दिला. मी खळ्यावर गेलो. मुलीचा बाप जाणार होता, पण गेला नाही. खळ्याच्या कडेला बसून राहिला. दुपारी काकानं त्याला पोटभर जेवू घातलं, मलाही बळे बळे वाढलं. पेंढ्याची गंजी होती, ऊन उबदार होतं. काका झोपला. पाहुणा मला म्हणाला, "ये, टेक जरा. रातभर जागलायस."

"दिवसा टेकत नाय मी."

"मी सांगतोय तरी?"

"तुमी सांगताय तरी."

मी परत भाऱ्या झोडायला लागलो. डोळ्यांत कोणी वाळू टाकल्यासारखं होत होतं, हात दुसऱ्याचे वाटत होते. तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. दिवेलागणीला आमी जेवायला बसलो, आणि जेवण झालं, मी चूळ भरली, अंथरुणावर गेलो, एवढंच मला सांगता येतं. ती रात्र मी बघितलीच नाही. ती मुलीच्या बापानं बघितली.

सकाळी तो निघायला उभा राहिला. काका हात जोडून म्हणाला, "मग? तारीख धरायची का?"

"धरू. पण एक करा. माझ्या मनाची शांती म्हणून. भगत म्हणाला होता तो कोंबडा देऊन टाका. झोप आली ती आली, परत जायला नको."

काका लगेच म्हणाला, "देऊ, देऊ." आय पण मान हलवत होती. सगळं जुळलं होतं. एका कोंबड्याचं काम होतं.

मी म्हणालो, "कोंबडा देणार नाय."

"अरे!" काका ओरडला.

"ही झोप मी आणलीय. कोंबडा दिला की उद्या गाव म्हणेल, भगतानं आणली. परत गेली तर मीच आणीन. तुमाला चालत नसंल तर सुपारी फिरवा."

मुलीच्या बापानं चपला घातल्या आणि तो टोकावड्याच्या वाटेला लागला. आय मटकन खाली बसली. काकानं मला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी खळ्यावर गेलो. दिवसभर झोडलं. त्या रात्री मला झोप येईल असं मलाही वाटलं नव्हतं. चार वाव वळले आणि आली.

तीन आठवडे निरोप नाही. मग जत्रा लागली. काका बैल बघायला म्हशाला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला तो तारीख घेऊनच, फाल्गुनातली. माझ्याशी बोलायचं त्यानं तरीही टाळलं. आयला सांगितलं आणि आयनं मला.

मुलीचा बाप का कबूल झाला, हे मला लग्नानंतर बायकोनं सांगितलं. त्या दिवशी आमच्याकडून तो घरी पोचला तेव्हा ती अंगणात उभी होती. तिनं बापाला थेट विचारलं होतं, झोपतो का नाय? आमच्याकडं मुली असं विचारत नसत, पण ती विचारायची. बाप पाय धूत म्हणाला, "कधी झोपतो, कधी नाय. पण खोटं घोरत नाय. तू बघ."

"मग मी काय बघायचं?" बायको मला म्हणाली. "मी बाबाला सांगून टाकलं, हाच."